पुढच्या दारी बांधलेला लिंब

शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हापासून विषाणूंचा धडा आला की माझं डोकं फिरायचं. पोरांनाही ते ठाऊक झालं होतं. "आज बाई चिडणार" असं एकमेकांना सांगून ती आधीच शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसायची. त्यांना वाटायचं, आकृती नीट काढली नाही म्हणून बाई चिडतात. आकृतीचं काय घेऊन बसलात! मला राग यायचा तो माझ्या सख्ख्या चुलत्याचा. तो माणूस जाऊन आता किती वर्षं झाली, तरी तो राग काही गेलेला नाही, आणि घालवायचा प्रयत्नही मी केलेला नाही.

मी मुंबईला कॉलेजात होते तेव्हा, म्हणजे साठीच्या दशकात, आमच्या प्राध्यापकांनी एक नवीनच गोष्ट सांगितली. विषाणू पेशीत शिरला की ती पेशी बहुतेक वेळा वाचत नाही. पण मरायच्या आधी ती एक काम करून जाते. ती एक पदार्थ बाहेर सोडते. तो शेजारच्या पेशींना लागला की त्यांना कळतं, शेजारी घात झालाय, उद्या आपली पाळी. मग त्या आपलं रोजचं कामकाज आवरतात, नवं काही घडवायचं थांबवतात आणि विषाणू आत आलाच तर त्याला वाढू द्यायचं नाही अशी तयारी करून बसतात. त्या पदार्थाचं नाव इंटरफेरॉन. तो सापडून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. माझ्या शेजारच्या मुली भराभरा लिहून घेत होत्या. मी काही लिहिलं नाही. ते नाव मला नवीन होतं, पण ती रीत माझ्या ओळखीची होती. आमच्या गावात ती डहाळीनं चालायची.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, शहापूरच्या हद्दीला लागून. तेव्हा एखाद्या घरात देवीचा रोग आला की त्या घराच्या दारावर कडूलिंबाची डहाळी बांधायची. "बाया आल्यात" म्हणायचं. रोग म्हणायचं नाही. मग त्या घरात फोडणी बंद, मासळी बंद, बाहेरच्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही, घरच्यांनी कुणाकडे जायचं नाही. लग्नकार्य तर सोडूनच द्या. डहाळी दिसली की शेजारची घरंही आपापली पोरं आत ओढायची. लोक हे देवीच्या धाकानं करायचे, विषाणूचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. पण करायचे. शिकलेल्या माणसांनी त्याला खुशाल अडाणीपणा म्हणावं. मला ती डहाळी अडाणी वाटत नाही.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. वडील कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर, सुट्टीला घरी यायचे. घरी आई आणि मी. आमचं घर आळीच्या तोंडाशी, आणि आळीच्या शेवटी मोठ्या काकांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं घर. काका गावचे पाटील. त्यांच्याकडे जायचं तर आमच्या दारावरूनच जायला लागायचं. वैशाखात काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा शहापूरला कचेरीत कारकून. सोयरीक काकांच्या ऐपतीपेक्षा मोठी, म्हणून काका नुसते हवेत होते.

आई लग्नाच्या कामाला त्यांच्याकडे जात होती. एक दिवस ती दुपारीच परत आली आणि चुलीपाशी न जाता ओट्यावर बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुज्या काकाच्या नातवाला बाया आल्यात," आई म्हणाली. "आतल्या खोलीत निजवलाय. वर गोधड्या टाकल्यात, जसा काय चोरीचा माल."

आईला त्यातलं कळायचं, कारण लहानपणी तिला स्वतःला देवी येऊन गेल्या होत्या. तिच्या गालांवर, कपाळावर वण होते. पोराच्या तळहातांवर आणि तळपायांवर पुळ्या तिनं पाहिल्या होत्या. कांजण्या अंगावर दाट येतात, तळपायाला नाही. देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला होता तेव्हा याच नातवाला काकांनी माळ्यावर लपवलं होतं, पोराला ताप येईल म्हणून. मला टोचलं होतं. आईनं माझा दंड धरून मला त्याच्यापुढे उभं केलं होतं, आणि मी गुरासारखी ओरडले होते.

काका सगळ्यांना सांगत होते, उष्णतेच्या पुळ्या आहेत, वैशाखच तसा कडक आहे. काकी गप्प. सून पदर तोंडात कोंबून रडत होती. आणि दारावर डहाळी नाही.

आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोर उभं राहून बोलायचं नाही. दाराआड उभं राहून, तेही दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून बोलायचं. त्या दिवशी संध्याकाळी आई लिंबाची डहाळी तोडून घेऊन काकांच्या अंगणात गेली आणि सरळ तोंडावर बोलली. मी तिच्या मागे होते.

"दादा, लगीन पुढं ढकला. मुरबाडला वर्दी द्या. टोचणारा येईल."

"कसली वर्दी? पोराला घामोळं आलंय."

"घामोळं तळपायाला येत नाय."

"तू वैद्य झालीस काय गो? झाकली मूठ सव्वा लाखाची. लगीन पार पडू दे, मग बघू काय तें."

आईनं पदर खोचला. ती पायरी चढली आणि चौकटीच्या खिळ्याला डहाळी अडकवली. काका उठले, त्यांनी ती ओढून काढली आणि गोठ्यात म्हशीपुढे टाकली. म्हशीनं हुंगली आणि सोडून दिली. त्या घरात तेवढीच एक शहाणी होती.

आई घरी आली ती धुमसतच. "मेल्याला पोरीचं लगीन हवंय, गावाची पोरं गेली तरी चालतील," ती म्हणाली. तिच्या डोक्यात गावाची पोरं म्हणजे त्या घडीला एकच पोर होतं, हे मला माहीत होतं. आमच्याकडे कामाला येणारी कातकरी वाडीवरची एक बाई होती. आईच्याच वयाची. चार मुलं जाऊन तिला पाचवी मुलगी झाली होती, नुकतीच रांगायला लागली होती. ती माणसं पावसाळा सरला की कोळशाच्या भट्ट्यांवर जायची ती वैशाखात परतायची. टोचणारा गावात येऊन गेला तेव्हा ती भट्टीवर होती. त्या मुलीच्या दंडावर टोचल्याची खूण नव्हती. आईनं दोनच दिवसांपूर्वी तिचे दंड उलटेपालटे करून बघितले होते आणि म्हणाली होती, "औंदा हिला टोचून घे गो बाय. ही तरी राहू दे तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर आमच्याच दारावर लिंबाची डहाळी. चांगली हातभर, हिरवीगार, दुरून दिसेल अशी.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांना यात काय मोठंसं वाटणार नाही. पण बाया आलेल्या नसताना दारावर लिंब बांधणं म्हणजे त्यांना हाताला धरून घरात बोलावणं. असलं अभद्र कुणी मनातही आणत नाही. मी घाबरून विचारलं, "आई, मला आल्यात काय?"

"तुला काय धाड भरलीय!" आई म्हणाली. "त्यांच्या दारावर बांधू देत नायत, मग माज्या दारावर बांधते. माजं दार काय त्यांच्या बापाचं हाय? इथून जाणारा येणारा बघंल आन मागं फिरंल."

आणि खरंच लोक फिरले. हळदीला येणाऱ्या बायका आमच्या दाराशी थबकल्या, डहाळीकडे पाहिलं, हातातली ताटं सावरली आणि आल्या पावली गेल्या. लग्नाच्या दिवशी किन्हवलीकडून बैलगाड्या आल्या त्यातल्या बऱ्याचशा आळीच्या तोंडाशीच वळल्या. काका अंगणातून ओरडत होते, "तिचं डोकं फिरलंय, तिच्या नादाला लागू नका." नवऱ्याकडची मोजकी माणसं तोंडाला उपरणी लावून पुढे गेली. ताशेवाल्यांनी सुद्धा आमच्या दारापुढे ताशा वाजवला नाही. अक्षता पडल्या, पण मांडव अर्धा रिकामा. आई दिवसभर उंबऱ्यात बसून होती, राखणीला बसावं तशी. येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्याला डोळा भिडवत होती. मला तिची लाज वाटत होती आणि अभिमानही वाटत होता.

दुपारी मी आमच्या परसात गेले. आळी वळणाची, म्हणून तिथून काकांचं मागचं अंगण दिसायचं. फणसाच्या फांदीला लुगड्याची झोळी टांगली होती. झोळी हलत होती. तिच्या बाजूला आतल्या खोलीची खिडकी, जिथे तो नातू निजवलेला. आणि विहिरीपाशी ती वाडीवरची बाई बसली होती, गोधड्या आपटत.

मी धावत आईकडे गेले. "आई, ती मागे आहे. काकांकडे. पोरीला घेऊन आलीय."

आईचा चेहरा मी विसरलेले नाही. "ती कुठून गेली?" ती म्हणाली. "मी इथंच बसलेय ना!"

कुठून जाणार? वाडीवरची माणसं काकांच्या घरी पुढच्या दारानं जात नसत. जाऊच देत नसत त्यांना. नाल्याच्या कडेनं एक पाऊलवाट थेट मागच्या अंगणात निघायची, तीच त्यांची वाट. डहाळी आळीत होती. आळी त्यांच्यासाठी नव्हतीच. हे आईला सुचलं नाही, कारण आमच्या घरी ती बाई पुढून यायची. ओट्यावर बसायची, आईच्या हातची पेज प्यायची, पोरीला पाजायची. आई तिला पुढच्या दारानं येताना रोज बघायची, म्हणून आईनं पुढच्या दाराला लिंब बांधला. दोन दिवस ती आली नाही तेव्हा आईला वाटलं, लिंब बघून मागे फिरली असेल. बाकी सगळ्या गावाला बरोबर कळलं. जिच्यासाठी बांधला तिला तेवढा दिसला नाही.

आई परसातून, कुंपणातून, काट्यांतून तशीच गेली. मी मागोमाग.

"कुणाच्या गोधड्या धुतेस?"

"काकीनं दिल्यान. पोरगा गोधडीत मुतला म्हनं," ती म्हणाली. "कालपन धुतल्या."

"ती पोर उचल आन घरी जा. बाया हायत त्या खोलीत."

तिच्या हातातली गोधडी तशीच राहिली. "कवापासून?"

"हळदीच्या आधीपासून."

"तुला ठावं व्हतं?"

आई म्हणाली, "मी दाराला लिंब बांधलाय."

तिनं आईकडे बघितलं, मग फणसाकडे गेली, झोळी सोडली, पोर काखेला मारलं आणि पाऊलवाटेनं चालू लागली. दोन दिवसांच्या कामाचे तांदूळ घ्यायलाही थांबली नाही. मागच्या दारातून काकी ओरडली, "अगो, गोधड्या कोन वाळत घालनार?" अशी माणसं! त्यांना पिळलेल्या गोधडीची काळजी.

आता मला जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तर मी लहान असूनही काकांच्या मांडवात उभी राहून बोंब ठोकली असती. लागण झाल्यावरही पहिल्या तीन-चार दिवसांत टोचलं, तर देवी बहुतेक वेळा टळते किंवा सौम्य येते. टोचलेली लस रोगाच्या आधी शरीराला उठवते. म्हणजे त्या दिवशी जरी काकांनी मुरबाडला माणूस धाडला असता तरी वेळ होती. गावात देवी आली की वर्दी देणं हे पाटलाचंच काम. पण पाटलाला तोंड दाखवायचं होतं व्याह्यांना. मुलगी सासरी गेली, पाठवणीची रडारड झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आपल्या दारावर डहाळी बांधली. अंगणात सडा घालून, गोमूत्र शिंपडून, अगदी रीतसर! दारातून जाणाऱ्याला हात जोडून सांगत होते, "बाया आल्यात हो कालपास्नं."

करून सवरून नामानिराळा म्हणतात तो हा असा.

पंधरवड्यानं वाडीतून खबर आली. मुलीला ताप आला, मग पुळ्या. मग गावातही दोन घरांत आल्या, आणि मग कुठे वर्दी गेली. तोवर ती मुलगी गेली होती. काकांचा नातू मात्र उठून बसला. चेहऱ्यावर वण राहिले, एवढंच. त्या पोरावर माझा राग नाही, त्याचं काय चुकलं? पण पुढे काकी त्याला मांडीवर घेऊन "देवीनं माझा हिरा राखला" म्हणायची ना, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि गाव काय म्हणालं ऐका. गाव म्हणालं, आमच्या आईनं बिनदेवीचा लिंब बांधला, देवीला आवतण दिलं, म्हणून देवी वाडीत शिरली. पहिल्यांदा हे बोलले ते काकाच. चोराच्या उलट्या बोंबा! लोकांनी मान डोलावली. ज्या बायका डहाळी पाहून मागे फिरल्या, ज्यांची पोरं त्यामुळे धडधाकट राहिली, त्यासुद्धा आईला पाण्यावर टाळायला लागल्या. वडील कसाऱ्याहून आले, भावाकडे तासभर बसले आणि घरी येऊन आईला म्हणाले, "नारळ घेऊन जा आणि दादाच्या पाया पड, विषय मिटेल." आई म्हणाली, "नारळ तुमी फोडा, त्यांच्या डोक्यावर." वडील जेवून कसाऱ्याला परत गेले.

फार वर्षांनी मी वाचलं की देवीच्या विषाणूकडे एक खास डाव असतो. लागण झालेल्या पेशीनं शेजाऱ्यांसाठी सोडलेला तो निरोप वाटेतच झेलायचा. विषाणू खोटे कान करून बाहेर सोडतो. निरोप त्या खोट्या कानांत जातो आणि खऱ्या शेजाऱ्यांना काही कळत नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि काकांना मनसोक्त शिव्या दिल्या. विषाणूला तरी अक्कल नसते. त्याला कारकून जावई नको असतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. संपली असती तर मी नुसती काकांवर चिडून मोकळी झाले असते.

वर्दी गेल्यावर टोचणारा आला आणि काकांच्याच ओटीवर पेटी उघडून बसला. काकांनी त्याला चहा दिला. वाडीवाल्यांना निरोप गेला की मागच्या अंगणात येऊन बसा. वाडीवरून कुणी आलं नाही. कोण येणार? दुपारी आई डोक्यावर पदर घेऊन काकांच्या ओटीपुढे गेली आणि त्या माणसाला म्हणाली, "पेटी उचला. मी नेते तुम्हांला." काका काहीतरी पुटपुटले. आईनं तिकडे पाहिलंही नाही.

भर उन्हात आम्ही नाल्याच्या कडेनं गेलो, आई पुढे, तो माणूस मध्ये, मी मागे. आमच्या आळीतल्या बायका वाडीत जात नसत. काम असलं की वाडी आमच्याकडे यायची. आई त्या वाटेनं चालताना मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. फार लांब नव्हतं. मला तर वाटलं होतं तासभर लागेल. पायाला चटका बसतो न बसतो तोच झोपड्या आल्या.

मुलगी गेलेली ती बाई आपल्या दारात बसली होती, नुसतीच. लुगड्याची झोळी आड्याला तशीच टांगलेली होती. वाडीतली माणसं लांब उभी राहून बघत होती, कुणी दंड पुढे करेना. टोचणारा घाम पुसत उभा. शेवटी तीच उठली, पुढे आली आणि दंड उघडा करून त्याच्यापुढे धरला. सुई टोचताना तिनं तोंड वळवलं नाही. मग हळूहळू बाकीची आली.

आई तिच्यापाशी गेली. बहुतेक खूप काही बोलायचं ठरवून आली असावी. "मी लिंब बांधला व्हता गो," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

तिनं दंडावर पदर ओढून घेतला. मग आम्ही आलो त्या पाऊलवाटेकडे तिनं पाहिलं.

"वाट ठावी व्हती म्हंजी तुला," ती म्हणाली, आणि झोपडीत गेली.

परतताना आई माझ्यापुढे झपझप चालत होती. घरी आल्यावर तिनं दारावरची डहाळी ओढून काढली. ती वाळून कुरकुरीत झाली होती. देवीचा लिंब नदीत सोडायचा असतो, जाळायचा नसतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिनं तो मोडून चुलीत घातला, फुंकर मारली आणि वर भाताचं भांडं ठेवलं. घरभर कडू धूर झाला. मी खोकत होते, डोळे चोळत होते. आई मात्र तिथून हलली नाही. भात झाला तेव्हा तिनं तो मला वाढला आणि स्वतःही घेतला.